खुर्ची स्वीकारणारे आणि खुर्ची सोडणारे बाबासाहेब

निवडणुकीचे अर्ज भरून झाले की उमेदवारांच्या मालमत्तेचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. कोणाची किती एकर जमीन, कोणाच्या पत्नीकडे किती तोळे सोने, कोणावर किती गुन्हे दाखल. पाच वर्षांपूर्वीचा आकडा शेजारी ठेवला तर वाढ दुप्पट, तिप्पट, कधी कधी दहापट निघते. लोक वाचतात, हसतात आणि पान उलटतात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ साली दिलेल्या निकालांमुळे ही प्रतिज्ञापत्रे सक्तीची झाली, म्हणून निदान आकडा तरी कळतो. पण आकडा कळल्यावर पुढे काय? आमदारकीच्या मानधनात एवढी इस्टेट कशी झाली, हा जाब कोणी विचारायचा आणि उत्तर पटले नाही तर शिक्षा कोणी करायची?

हा प्रश्न आजचा नाही. तो १९४८ च्या डिसेंबरअखेरीस घटना समितीत उभा राहिला होता आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर आली होती. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती सुचवली होती की, मंत्र्याने पद घेताना आपली मालमत्ता आणि आपले हितसंबंध जाहीर करावेत. हरी विष्णू कामथ यांच्यासारखे सभासद त्या बाजूने बोलले. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, अरे, बाबासाहेबांनी मंत्र्यांना मोकळे सोडले! पण त्यांचे उत्तर संपूर्ण वाचले पाहिजे. हेतूशी त्यांचे भांडण नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते की, नुसते येताना मालमत्ता जाहीर करून भागत नाही. जातानाही जाहीर करावी लागेल. दोन्ही आकड्यांत भलताच फरक पडला तर तो कसा पडला याचा खुलासा द्यावा लागेल. आणि खुलासा देता आला नाही तर तो गुन्हा ठरवून शिक्षा ठेवावी लागेल. हे सगळे करणार नसाल तर पहिली पायरी म्हणजे केवळ कागद. मंत्र्यांना वठणीवर ठेवायचे तर विधिमंडळात एकवटलेले लोकमत हाच त्याहून मोठा धाक आहे, असे त्यांनी सांगितले. गुन्हेगार ठरलेल्या माणसाला मंत्री करू नये ही सूचनाही त्यांना चांगली वाटली होती, पण ती त्यांनी पंतप्रधानाच्या, विधिमंडळाच्या आणि जनतेच्या विवेकावर सोडली.

सत्तर वर्षांनी, २०१८ च्या फेब्रुवारीत, लोकप्रहरी या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच दुखणे पुन्हा मांडले. उमेदवाराने उत्पन्नाचे मार्गही सांगितले पाहिजेत आणि लोकप्रतिनिधींच्या मालमत्तेतील अवाजवी वाढीवर लक्ष ठेवणारी कायमची यंत्रणा हवी, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे येतानाचा कागद आपण मिळवला, पुढच्या पायऱ्या अजून चढायच्याच आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर लोकायुक्ताचा कायदा आपल्या राज्याने १९७१ सालीच केला. पण त्या कायद्यातल्या लोकायुक्ताने चौकशी करून शिफारस करायची आणि शिफारस ज्यांच्याकडे जायची ते सरकारच! दात काढून घेतलेल्या वाघाला कोण भिणार?

हे बोलणारा माणूस स्वतः पदावर कसा वागला, हे पाहण्यासारखे आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण त्यांच्या पदव्या मोजतो, घटनेचे शिल्पकार म्हणतो, महाडचे पाणी आणि काळाराम मंदिर आठवतो. पण १९२७ ते १९५६ या काळातली बहुतेक वर्षे ते कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक पदावर होते, या गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते. त्यांच्या सचोटीच्या अनेक आठवणी चळवळीत तोंडी सांगितल्या जातात. कंत्राटदारांना त्यांनी कसे हाकलले, नातेवाइकांना कसे दटावले, वगैरे. त्या मी इथे घेत नाही. जे सभागृहांच्या कामकाजात आणि पत्रव्यवहारात नोंदलेले आहे तेवढेच पुरेसे आहे.

१९२७ च्या आरंभी मुंबईच्या गव्हर्नरने बाबासाहेबांना मुंबई कायदे कौन्सिलवर नेमले. ते निवडून आलेले नव्हते, सरकारनियुक्त होते. नियुक्त सभासदाने सरकारच्या बाजूने हात वर करायचा, हा त्या काळचा अलिखित रिवाज. वय पस्तीस, वकिली नुकती कुठे रुळू लागलेली, घरात गरिबी. सरकारची मर्जी राखली असती तर पुढची वाट सोपी झाली असती. त्यांनी काय केले? फेब्रुवारीत अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले त्यात सरकारच्या महसूल पद्धतीवरच बोट ठेवले. व्यापाऱ्याला ठराविक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ, पण शेतकऱ्याची जमीन कितीही तुटपुंजी असो, पीक येवो न येवो, सारा मात्र भरलाच पाहिजे, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. ज्याने खुर्ची दिली त्याचा हिशोब त्यांनी पहिल्याच दिवशी तपासायला घेतला.

दुसरे वर्ष उजाडले आणि त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. इथे थोडे थांबले पाहिजे. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली महारकी हेसुद्धा एक सरकारी पदच होते. गावचा निरोप्या, ओझेवाला, रात्रंदिवस राबणारा सरकारी नोकर, आणि त्याचा मोबदला म्हणजे वतनाची जमीन, बलुते आणि नाममात्र रोख रक्कम. घरातल्या एकाच्या नावावर वतन, पण हाक आली की सारे घर राबायचे. त्या वतनाचा आपल्या लोकांना अभिमान होता, बावन्न हक्कांच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या. आपल्याच माणसांना हा मान नाही, ही गुलामी आहे असे सांगणे सोपे नव्हते. मते मिळवणाऱ्या पुढाऱ्याने वतनाची जमीन वाढवून मागितली असती. बाबासाहेबांनी वतनदाराला त्यातून मोकळे होता यावे, बलुत्याच्या जागी रोख आकारणी व्हावी, असे मागितले. विधेयक पुढे जाऊ शकले नाही आणि ते त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५९ साली, बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर. पण पदाला चिकटलेला खोटा मान ओळखण्याची त्यांची नजर इथे दिसते. ज्या पदामुळे माणूस लाचार होतो ते पद जातीच्या वाट्याला आले तरी नको, हे त्यांनी तेव्हाच ठरवले होते.

सायमन कमिशनला साहाय्य करण्यासाठी मुंबई इलाख्याची जी समिती होती तिच्यावरही ते होते. समितीचा अहवाल त्यांना पटला नाही. गप्प राहून सही करता आली असती. त्यांनी सही नाकारली आणि १७ मे १९२९ रोजी स्वतःचा स्वतंत्र अहवाल दिला. तो आजही राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

आता १९३७ सालाकडे येऊ. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब मुंबई विधानसभेत विरोधी बाकांवर होते. बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि मंत्र्यांनी महिना ५०० रुपये पगार घ्यायचा असे विधेयक आले. देशभर त्या त्यागाचे कौतुक चालू होते. विरोधी पक्षाचा कुठलाही नेता अशा वेळी टाळ्या वाजवतो किंवा पगार आणखी कमी करा असे ओरडतो. बाबासाहेबांनी उलटा सूर लावला. मंत्र्याचा पगार ठरवताना चार गोष्टी पाहाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते: समाजातले राहणीमान, कामाला लागणारी लायकी, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता. या चौथ्या गोष्टीवर माझ्या मते सगळा भर आहे. गरीब घरातला लायक माणूस मंत्री होऊन प्रामाणिक राहू शकेल, एवढे त्याला उजळ माथ्याने मिळाले पाहिजे. नाही तर मंत्रिपद एक तर घरच्या श्रीमंतांकडे जाईल, नाही तर दुसऱ्या वाटेने मिळवणाऱ्यांकडे. साधेपणाचे प्रदर्शन आणि सचोटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपल्या देशात फार थोड्या लोकांनी ओळखले. खादीचा कुडता घालून साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि जमिनी गिळणाऱ्यांचा महाराष्ट्र ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ पर्यंत ते त्या पदावर होते. मजूर खाते म्हणजे नुसते कामगार नव्हेत. खाणी, वीज, पाटबंधारे आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम हे सगळे त्यात होते. महायुद्धाचा काळ, बांधकामे धडाक्यात चालू, कंत्राटांचा सुकाळ. पैसा करायचा असता तर याहून चांगली जागा आणि याहून चांगला काळ नव्हता. समाजाचे भले करायचे म्हणून चार आपल्या माणसांना चिठ्ठ्या देऊन कंत्राटे मिळवून देता आली असती, आणि त्याला आपल्यातल्या कोणी नावेही ठेवली नसती.

बाबासाहेबांनी वेगळी वाट धरली. पद स्वीकारून चार महिने होत नाहीत तोच, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्य किती आहेत, शिक्षणावर सरकार किती खर्च करते, सगळे मांडले. त्यांच्याच खात्याखालच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटदारांच्या यादीत अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, हेही त्यांनी लिहून दिले. पुढाऱ्यांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मंत्री स्वतः, खाते स्वतःचे, तरी मागणी लेखी, कारणांसह आणि सबंध वर्गासाठी. त्यातून १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के आरक्षणाचा हुकूम निघाला, शिक्षणासाठी रक्कम मंजूर झाली आणि अस्पृश्य विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी गेले. चिठ्ठीने एका घराचे भले होते आणि ते घर चिठ्ठी देणाऱ्याचे मिंधे होते. नियमाने हजारो घरांचे भले होते आणि कोणी कोणाचे मिंधे होत नाही.

या चार वर्षांत त्यांचे सगळेच निर्णय टाळ्यांचे नव्हते. कोळशाची टंचाई होती म्हणून १९४३ साली खाणीत जमिनीखाली काम करण्यास स्त्रियांना असलेली बंदी उठवण्यात आली. त्यावर सभागृहात आणि बाहेर टीका झाली, ती योग्यही होती. कामगारांचा कैवारी म्हणवणाऱ्या मंत्र्याने हे करावे? बाबासाहेबांनी युद्धाची निकड पुढे केली, पण वरून हुकूम आला असे म्हणून जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. सभागृहात उभे राहून निर्णय आपला म्हणून मांडला, तो युद्धापुरता आहे हे सांगितले आणि खाणीत पुरुषाएवढ्याच कामाला स्त्रीला पुरुषाएवढीच मजुरी मिळेल हे बजावले. ते स्वतः धनबादच्या कोळसा खाणीत उतरून कामगारांची स्थिती पाहून आले होते. १९४६ च्या फेब्रुवारीपासून ती बंदी पुन्हा लागू झाली. मला स्वतःला तो निर्णय आजही पटत नाही. पण मंत्र्याने न पटणाऱ्या निर्णयाचीही उत्तरे द्यायची असतात, ही रीत त्यांनी पाळली. त्याच वर्षी कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच खात्याने आणली होती.

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. एक, महालेखापालाचे पद. सरकारी पैशाचा हिशोब तपासणारा हा अधिकारी घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, त्याचे कर्तव्य न्यायालयाहूनही मोठे आहे, असे बाबासाहेबांनी मे १९४९ मध्ये घटना समितीत सांगितले. त्याला पुरेसे स्वातंत्र्य मिळत नाही याची त्यांना खंत होती. पुढच्या काळात देशातले मोठमोठे घोटाळे याच कार्यालयाच्या अहवालांमुळे चव्हाट्यावर आले, हे आपण पाहिले आहे. दुसरी गोष्ट, श्रेय देण्याची. मसुदा समितीतल्या सात जणांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी गेले, कोणी दुसऱ्या कामांत अडकले आणि भार एकट्या बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी भर सभेत सांगितले होते. असे असूनही २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांचे ऋण मान्य केले, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्या कौशल्याचे कौतुक केले आणि रात्री जागून काम करणाऱ्या त्यांच्या हाताखालच्या मंडळींनाही वगळले नाही. आज गावातल्या गटारीच्या कामावरही आमदाराच्या नावाचा फलक लागतो. पैसा जनतेचा, नाव साहेबांचे.

त्याच भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीविषयी सावध केले होते. नेत्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहणे हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा त्याचा आशय. ते भाषण आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असते. आपल्या नेत्याच्या गाडीमागे धावताना ते आठवत नाही.

आणि मग राजीनामा. हिंदू कोड बिल बाबासाहेबांनी जिवापाड जपले होते. स्त्रीला वारसा, घटस्फोटाचा हक्क, जातीबाहेरच्या विवाहाला मान्यता. सनातन्यांनी रान उठवले, काँग्रेसमधल्याच बड्या लोकांनी पाय मागे घेतले. प्रकृती ढासळत होती. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून प्रकृतीचे कारण सांगितले आणि बिल लवकर घ्यावे अशी विनंती केली. सप्टेंबरमध्ये चर्चा झाली, जेमतेम चार कलमे मंजूर झाली आणि बिल गुंडाळले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा पाठवला.

त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. न्यायालयाचा ताशेरा नव्हता. पक्षश्रेष्ठींनी राजीनामा मागितला नव्हता, कारण ते त्या पक्षाचे नव्हतेच. आज मंत्र्यांचे राजीनामे येतात ते अब्रूचे धिंडवडे निघाल्यावर, आणि तेही नैतिक जबाबदारीचे नाव घेऊन. सहा महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या खात्याच्या खुर्चीत दिसतो. बाबासाहेबांचा राजीनामा अगदी निराळा होता. ज्या कामासाठी खुर्चीत बसलो ते काम इथे होणार नाही असे दिसल्यावर खुर्ची सोडली, इतका त्याचा अर्थ साधा आहे.

सोडतानाही त्यांनी सभागृहाचा मान राखला. हातातले कामकाज पूर्ण होईपर्यंत ते थांबले. मंत्र्याने पद सोडले तर का सोडले हे लोकप्रतिनिधींसमोर सांगणे हे त्याचे कर्तव्यच, म्हणून ११ ऑक्टोबरला ते निवेदन करायला उभे राहणार होते. उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी द्या अशी अट घातली. ही अट म्हणजे आपल्या बोलण्यावर सेन्सॉर आहे असे बाबासाहेबांना वाटले. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. त्या निवेदनात आजारपणाची सबब त्यांनी स्वतःच फेटाळली आहे. आजारी पडून कर्तव्य टाळणाऱ्यांपैकी आपण नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. मग कारणे दिली आहेत: नियोजनाचे खाते देण्याचे आश्वासन पाळले नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर घेतले नाही, निर्णय समित्यांत होतात आणि मंत्रिमंडळ ते नुसते नोंदवून घेते, अनुसूचित जातींवरील अत्याचारांकडे दुर्लक्ष, मागासवर्गीयांसाठी आयोग नेमण्यात टाळाटाळ, परराष्ट्र धोरण आणि शेवटी हिंदू कोड बिल. हे कुरकुरणाऱ्या माणसाचे रडगाणे नव्हे. मंत्रिमंडळ पद्धतीत एका मंत्र्याला आत काय चालते ते कळू नये, तरी त्याने सामूहिक जबाबदारी मात्र उचलावी, या ढोंगावरचा तो घाव आहे. हिंदू कोड पुढे १९५५ आणि १९५६ साली तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झाले, त्याचे श्रेय दुसऱ्यांनी घेतले.

राजीनाम्यानंतर दिल्लीतला सरकारी बंगला सोडून ते अलीपूर रोडवरच्या २६ नंबरच्या खासगी घरात राहायला गेले. मुदत संपल्यावरही वर्षानुवर्षे सरकारी घरे अडवून बसणाऱ्या माननीयांना हे कळवायला हरकत नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईत त्यांचा पराभव झाला. १९५४ साली भंडाऱ्यात पोटनिवडणूक लढवली, तीही हरले. राज्यसभेत मात्र ते होते. ज्याने देशाला मताचा हक्क लिहून दिला त्याला लोकसभेत पोहोचता आले नाही, तरी एकदा सोडलेल्या मंत्रिपदाकडे त्यांनी वळून पाहिले नाही.

आता आपल्या घरातले बोलू. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी मन मोकळे केले होते. आपण ज्यांना शिकवले, जे आपल्या लढ्यामुळे नोकऱ्यांत आणि अधिकारपदांवर गेले, ते समाजाला विसरून पोट भरण्यात गुंतले, ही व्यथा त्यांनी तेथे बोलून दाखवली. त्या भाषणाला सत्तर वर्षे होत आहेत. दरम्यान आपण काय केले? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच फुटला. १९९८ साली ऐक्य झाले तेव्हा आपले चार नेते खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले. समाज एक झाला की काय होते ते त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीपर्यंत ऐक्य उरले नाही. तत्त्वाचे मतभेद होते असे सांगितले जाते. असतीलही. पण कोणाला विधान परिषद, कोणाला महामंडळ, कोणाला लाल दिवा, याच्या वाटाघाटी कोण कोणाच्या बंगल्यावर करत होते, हे वस्तीतल्या साध्या माणसालाही ठाऊक होते.

प्रस्थापित पक्षांना नावे ठेवणे सोपे आहे आणि ती ठेवलीच पाहिजेत. पण दलित मंत्र्याने काही चुकीचे केले तर जातीमुळे बदनामी होते म्हणून आपण मुकाट्याने पाठीशी उभे राहतो, याचाही विचार झाला पाहिजे. जातीमुळे बदनामी होते हे खरेच आहे. वरच्या जातीच्या माणसाची चोरी ही एका माणसाची चोरी ठरते आणि आपल्या माणसाची चोरी सगळ्या आरक्षणाची ठरवली जाते. म्हणून तर आपल्या प्रतिनिधीचा हिशोब इतरांच्या आधी आपण घ्यायला हवा. मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेला निधी दुसरीकडे वळवला जातो तेव्हा आपला आमदार सभागृहात उठला का, शिष्यवृत्ती रखडली तेव्हा त्याने किती प्रश्न विचारले, त्याच्या नावावरची जमीन पाच वर्षांत किती वाढली, हे विचारायला कुठल्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी ज्या लोकमताच्या धाकावर भरवसा ठेवला ते लोकमत म्हणजे आपणच. तो भरवसा ठेवण्यात त्यांनी आपल्याविषयी जरा जास्तच चांगले मत करून घेतले होते की काय, अशी शंका मला कधी कधी येते. वस्तीत निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकिटे वाटली जातात तेव्हा तर नक्कीच येते.

शेवटच्या वर्षाची एक नोंद राहिली. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ बाबासाहेबांनी आजारपणात, पाच वर्षे खपून पूर्ण केला. छपाईचा खर्च सुमारे २० हजार रुपये येणार होता आणि तो त्यांच्या आवाक्यात नव्हता. चार वर्षे व्हाइसरॉयच्या मंडळात आणि चार वर्षे केंद्रीय मंत्रिमंडळात काढलेल्या माणसापाशी, मुंबईच्या नामांकित बॅरिस्टरपाशी, २० हजार रुपये नव्हते. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी नेहरूंना पत्र लिहिले की, बुद्धाच्या २५०० व्या वर्षाच्या निमित्ताने सरकारने ग्रंथालयांसाठी आणि पाहुण्यांना देण्यासाठी ५०० प्रती विकत घ्याव्यात. पत्रात आपल्या जुन्या मंत्रिपदाचा उल्लेख नाही, फुकट मदतीची याचना नाही. प्रती घ्या आणि पैसे द्या, एवढेच. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र समितीचे अध्यक्ष राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो, आणि समारंभाच्या दिवसांत ग्रंथ दिल्लीत विक्रीला ठेवता येईल, असा त्यातला मजकूर.

पुढे महिन्याभराने नागपूरला दीक्षा झाली. ६ डिसेंबरला अलीपूर रोडवरच्या त्याच घरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. छापलेला ग्रंथ त्यांना पाहायला मिळाला नाही. तो १९५७ साली मुंबईत, त्यांनीच उभ्या केलेल्या सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातर्फे निघाला.